मशीनच्या आधी घर बघा: कुठल्या कन्सोलवर कुठला गेम का खपतो

माझ्या व्हिडिओ गेमच्या दुकानात कुणी येऊन कन्सोलबद्दल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनबद्दल, "ताई, सगळ्यात चांगलं मशीन कुठलं?" असं विचारलं की मी आधी विचारायचे, "घरात टीव्ही कुठे आहे? हॉलमध्ये की आतल्या खोलीत?" गिऱ्हाईक जरा बुचकळ्यात पडायचं. मग माझा दुसरा प्रश्न यायचा, "खेळणार कोण, आणि खेळताना शेजारी कोण बसणार?" एवढं कळलं की त्या घरात कुठले गेम चालतील ते मला साधारण दिसायचं, आणि गेम ठरले की मशीन ठरायला वेळ लागत नाही. मशीनचं नाव मी नेहमी शेवटी घेतलं.

नाशिकला कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत २००४ ते २०१९ अशी पंधरा वर्षं हे दुकान चाललं. नवे गेम, जुने गेम आणि बदली. बदली म्हणजे खेळून झालेली डिस्क आणायची, वर थोडे पैसे घालायचे आणि दुसरी न्यायची. त्यासाठी मी एक लांबडी वही ठेवली होती. डिस्क कधी गेली आणि कधी परत आली, एवढंच त्यात लिहायचे. विक्रीच्या हिशेबातून जे कधी कळलं नसतं ते मला त्या वहीतून कळलं. काही डिस्क भराभर खपायच्या आणि वीस दिवसांत परत यायच्या. गोष्ट सांगणारे गेम असे असतात. गोष्ट संपली की पोरं डिस्क घेऊन हजर. काही डिस्क सावकाश खपायच्या, पण परत यायच्याच नाहीत. कुस्तीचे आणि क्रिकेटचे गेम असे. आणि एकच गेम एका मशीनवर घरात मुक्काम करायचा, दुसऱ्या मशीनवर आठवड्यात परत यायचा. असं का होतं, याचं उत्तर शोधण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि ती मनापासून गेली.

आता दुकान नाही, पण विचारणारे फोन येतात. काही आईबापांचे, काही स्वतः गेम बनवणाऱ्या मुलामुलींचे. "ताई, आमचा गेम आधी स्विचवर न्यावा की प्लेस्टेशनवर?" (स्विच निन्टेंडोचं मशीन, प्लेस्टेशन सोनीचं.) दोघांनाही मी जी पद्धत सांगते तीच इथे लिहून ठेवते आहे.

आधी हात बघा

यूट्यूबवर जाऊन तो गेम खेळताना माणसाचे हात दिसतील असा व्हिडिओ शोधा. गेमचा पडदा झाका आणि एक मिनिट फक्त हात बघा. अंगठे काय करतात, तर्जनी किती वेळा दबते, हात कधी मोकळा राहतो. मग ज्या मशीनचा विचार करताय त्याचा रिमोट हातात घ्या (आमच्याकडे सगळ्या आया कंट्रोलरला रिमोटच म्हणायच्या, मलाही तीच सवय लागली) आणि तेच हात त्यावर करून बघा. जमत नसेल तर तो गेम त्या मशीनवर कितीही चांगला दिसला तरी बहुधा कपाटात जाणार.

हा धडा मी पैसे घालवून शिकले. एका वितरकाच्या भरवशावर मी कन्सोलसाठी आलेल्या एका युद्धनीतीच्या गेमच्या वीस प्रती भरल्या. कॉम्प्युटरवर तोच गेम पोरं रात्र रात्र खेळत होती, त्यामुळे मलाही खात्री वाटली. खपल्या तीन, आणि तिन्ही परत आल्या. कारण साधं होतं. असल्या गेममध्ये शंभर सैनिकांना एका झटक्यात निवडून चार दिशांना पाठवायचं असतं. माउसला ते एका हिसक्याचं काम. अंगठ्याच्या दांडीने तोच बाण पडद्यावर ढकलत न्यायचा म्हणजे सैनिक मरेपर्यंत बाण पोचत नाही. २००० साली याच प्रकारचा 'स्टारक्राफ्ट'सुद्धा निन्टेंडो ६४ वर आणला गेला होता, पण तो गेम कॉम्प्युटरचाच राहिला. २००९ चा 'हेलो वॉर्स' मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० साठी आला तेव्हा बनवणाऱ्यांनी सगळी रचना मुळातच रिमोट समोर ठेवून केली होती, म्हणून तो त्यातल्या त्यात निभावला.

उलट बाजूनेही बघा. ज्यांच्या मशीनला मोजकी बटणं होती त्यांनी त्यातूनच एक प्रकार मोठा केला. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमला दिशेची फुली आणि दोन बटणं, बस. तोवर भूमिका घेऊन खेळायचे, म्हणजे आरपीजी, गेम कॉम्प्युटरवर कीबोर्डने खेळले जायचे. १९८६ साली युजी होरिई यांनी 'ड्रॅगन क्वेस्ट' बनवला तो यादीतून शब्द निवडत खेळायचा: बोल, लढ, मंत्र, सामान. फुलीने वर-खाली जायचं, बटणाने होकार द्यायचा. हाताची घाई नाही, त्यामुळे शाळकरी पोर आणि त्याचा बाप दोघेही खेळू शकले. जपानी आरपीजीचं घर कन्सोल झालं ते या दोन बटणांपासून.

मारामारीच्या गेमची तऱ्हा याहून वेगळी. 'स्ट्रीट फायटर २'ला सहा बटणं लागायची, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. सुपर निन्टेंडोच्या रिमोटवर सहा होती. सेगाच्या मेगा ड्राइव्हवर स्टार्ट सोडलं तर तीनच. १९९३ साली तो गेम मेगा ड्राइव्हवर आणताना सेगाला सहा बटणांचा नवा रिमोटच काढावा लागला. गेमच्या एका प्रकारासाठी मशीनने स्वतःचा हात बदलला, इतकं त्या प्रकाराचं वजन होतं.

बंदुकीच्या गेमचंही तेच. बरीच वर्षं लोक म्हणत होते की माउसशिवाय नेम लागणार नाही. २००१ साली पहिल्या एक्सबॉक्सबरोबर 'हेलो' आला. त्यात एका अंगठ्याने चालायचं, दुसऱ्याने बघायचं, आणि नेम शत्रूच्या जवळ गेला की गेम तो हलकेच धरून ठेवायचा. ग्रेनेड फेकायला वेगळं शस्त्र निवडायची गरज नाही, डाव्या बोटाखालीच. अमेरिकेत एक्सबॉक्स म्हणजे बंदुकीचे गेम हे समीकरण तिथून बसलं.

मग सोबत बघा, आणि इथे वेळ द्या

पंधरा वर्षांच्या वहीवरून सांगते, हात हा पहिला प्रश्न असला तरी सगळ्यात मोठा प्रश्न सोबतीचा आहे. सोबत असेल तर माणूस हाताचा त्रासही सोसतो.

याचं माझ्या माहितीतलं सर्वांत चांगलं उदाहरण जपानचं आहे. 'मॉन्स्टर हंटर' नावाचा गेम कॅपकॉम या जपानी कंपनीने २००४ साली प्लेस्टेशन २ वर आणला. चार शिकारी मिळून एक अजस्र प्राणी मारायचा, त्याच्या हाडाकातड्यांची नवी हत्यारं आणि चिलखतं करायची, आणि त्याहून मोठ्या प्राण्याच्या मागे लागायचं. टीव्हीवर इंटरनेट जोडून खेळायचा हा गेम बरा चालला. खरी उसळी आली ती तो पीएसपीवर, म्हणजे खिशात मावणाऱ्या मशीनवर गेल्यानंतर. पीएसपी एकमेकांजवळ आणले की चौघांचं बिनतारी जुळायचं, इंटरनेट लागायचं नाही. जपानी शहरातला विद्यार्थी किंवा कर्मचारी दिवसाचा बराच वेळ लोकलमध्ये काढतो, घरं लहान, मित्रांना घरी बोलावण्याची पद्धत कमी. मग शाळा सुटल्यावर, फॅमिली रेस्टॉरंटच्या टेबलावर, स्टेशनच्या बाकावर चौघं बसून शिकार करायची.

आणि आता हाताकडे बघा. पीएसपीला डावीकडे एकच दांडी होती. प्राण्याभोवती धावताना कॅमेरा फिरवायचा असेल तर डावा अंगठा दांडीवर ठेवून तर्जनी आकडीसारखी वाकवून फुलीवर आणावी लागायची. बोटं दुखायची. तरी २०१० च्या डिसेंबरमध्ये आलेला 'मॉन्स्टर हंटर पोर्टेबल थर्ड' एकट्या जपानमध्ये ४५ लाखांहून जास्त खपला. पश्चिमेकडे तो पीएसपीवर अधिकृतपणे आलाच नाही.

पश्चिमेकडे हाच प्रकार का रुजत नव्हता, ते मला माझ्या काउंटरवर दिसलं. २००९ साली या मालिकेतल्या 'फ्रीडम युनाइट'ची छोटी डिस्क एक मुलगा घेऊन गेला आणि आठवड्यात परत घेऊन आला. "ताई, एकट्याने कंटाळा येतो. एकाच प्राण्यामागे अर्धा अर्धा तास." अमेरिकेतल्या पोराचंही तेच होत असणार. तिथे शाळेला बसने किंवा गाडीने जायचं, मित्र दोन मैलांवर राहतो, शेजारी पीएसपीवाला कुणी नाही. पण तीच परत आलेली डिस्क मी पुढे इंजिनिअरिंगच्या वसतिगृहातल्या तिघांना दिली. त्यांनी आणखी दोन प्रती मागवून घेतल्या. त्या तीन डिस्क माझ्या वहीत आजही परत आलेल्या नाहीत. गेम तोच, मशीन तेच, शहरही तेच. बदलली ती खोली आणि खोलीतली माणसं.

कॅपकॉमने पुढे केलं ते गेम बनवणाऱ्यांनी नीट अभ्यासावं असं आहे. २०१८ च्या जानेवारीत 'मॉन्स्टर हंटर वर्ल्ड' प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला, जगभर एकाच दिवशी. जंगलाचे तुकडे तुकडे होते ते सलग झाले, कॅमेऱ्याला दुसरी दांडी मिळाली, आणि शेजारी मित्र नसला तरी मदतीचा बाण आकाशात सोडला की जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातून शिकारी धावून यायला लागले. त्याच्या दोन कोटींहून जास्त प्रती गेल्या. मग २०२१ साली निन्टेंडो स्विचसाठी 'राइज' काढला, तो पुन्हा खिशाच्या मापाचा: शिकार आटोपशीर, बसायला कुत्रा, थेट प्राण्यापाशी पोचवणारे रस्ते. एकच प्रकार, पण हॉलसाठी वेगळा शिवला आणि प्रवासासाठी वेगळा. म्हणून तो दोन्हीकडे चालला.

सोबतीचं दुसरं माप म्हणजे रिमोट लावायच्या खोबणी. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण १९९६ च्या निन्टेंडो ६४ ला समोर चार खोबणी होत्या, प्लेस्टेशनला दोन. चौघांनी मिळून खेळायचं असेल तर प्लेस्टेशनवाल्याला वेगळा जोड विकत घ्यावा लागायचा, आणि वेगळा विकत घ्यायचा असतो तो जोड बहुतेक घरांत नसतो. त्यामुळे चौघांच्या गेमचा अख्खा प्रकारच निन्टेंडो ६४ च्या अंगणात वाढला: 'मारिओ कार्ट ६४', 'मारिओ पार्टी', 'स्मॅश ब्रदर्स', आणि १९९७ चा 'गोल्डनआय', जो ८० लाखांवर खपला आणि आजही लोकांना आठवतो तो पडद्याचे चार तुकडे करून एकमेकांवर गोळ्या झाडण्यासाठी. पहिल्या एक्सबॉक्सला चार खोबणी होत्या, शिवाय इंटरनेटची तार लावायची सोय जन्मापासून आणि पोटात ८ जीबीची हार्ड डिस्क. २००२ च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्स लाइव्ह, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांशी खेळायची सेवा, सुरू झालं तेव्हा त्याच्या खोक्यात बोलायला हेडसेटही होता. २००४ चा 'हेलो २' या सगळ्यावर उभा राहिला.

तर तुमच्या घरापुरतं करायचं ते एवढं. एका कागदावर लिहा: आठवड्यातून किती वेळा, कोण कोण एकत्र बसेल, आणि ते एका खोलीत असतील की इंटरनेटवर. एका खोलीत असतील तर एका पडद्यावर चालणारे गेम शोधा, आणि ते निन्टेंडोवर अजूनही सगळ्यात जास्त मिळतात. इंटरनेटवर असतील तर मशीनचं नाव तुम्ही ठरवायचं नाही, मुलाच्या मित्रांकडे काय आहे ते विचारायचं. एका काकांनी नातवासाठी ऐपतीबाहेर जाऊन महागडं मशीन घेतलं होतं. त्याच्या वर्गातली सगळी पोरं दुसऱ्या मशीनवर. मी ते मशीन परत घेतलं आणि त्यांना थोडे पैसे परत दिले. त्या दिवसापासून मित्रांचा प्रश्न विचारल्याशिवाय मी कुणाला बिल केलं नाही.

आधी कोण येऊन बसलंय

आतापर्यंतचं सगळं मशीनच्या घडणीबद्दल झालं. पण एकदा एखाद्या प्रकारचे लोक एका मशीनपाशी जमले की पुढचे गेम त्या लोकांमागे येतात, घडण मागे पडते.

जपानी आरपीजी फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉमवर (म्हणजे तिथल्या सुपर निन्टेंडोवर) वाढली, म्हणजे निन्टेंडोच्या घरात. मग १९९६ साली निन्टेंडोने नव्या मशीनला, म्हणजे निन्टेंडो ६४ ला, कार्ट्रिजच (मशीनमध्ये खोचायची गेमची डबी) ठेवली. सगळ्यात मोठी कार्ट्रिज ६४ एमबीची, आणि बनवायला महाग. प्लेस्टेशनची सीडी साधारण ६५० एमबीची, आणि स्वस्त. स्क्वेअर या गेम बनवणाऱ्या कंपनीला आपल्या 'फायनल फँटसी ७' या आरपीजीमध्ये लांबलचक चलत्चित्रं घालायची होती. १९९७ च्या जानेवारीत तो गेम प्लेस्टेशनवर तीन सीडींवर आला. मागोमाग 'ड्रॅगन क्वेस्ट'नेही तोच रस्ता धरला. खेळणारे त्यांच्यामागे गेले, आणि खेळणाऱ्यांमागे त्या प्रकाराचे बाकीचे लहानमोठे गेम गेले. निन्टेंडो ६४ वर आरपीजी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. साठवणीच्या एका निर्णयाने एका प्रकाराचं घर हललं, आणि पुढे निन्टेंडोनेही डिस्क आणली तरी ते घर लगेच परत आलं नाही.

हे उलटवणं किती कठीण असतं ते मायक्रोसॉफ्टने जपानमध्ये अनुभवलं. तिथे एक्सबॉक्सकडे आरपीजीवाले येत नव्हते. म्हणून 'फायनल फँटसी'चे जनक हिरोनोबु साकागुची यांच्या चमूकडून एक्सबॉक्स ३६० साठी 'ब्लू ड्रॅगन' (२००६) आणि 'लॉस्ट ओडिसी' (२००७) करून घेतले. पहिल्यातली पात्रं 'ड्रॅगन क्वेस्ट'ची पात्रं काढणाऱ्या अकिरा तोरियामांच्या हातची. गेम मन लावून केलेले होते. तरी जगभर आठ कोटींहून जास्त गेलेलं ते मशीन जपानमध्ये वीस लाखांपर्यंतही पोचलं नाही.

याचा अर्थ हरलेल्या मशीनवर काहीच खपत नाही असा घेऊ नका. तिथे नेमके कोण उरलेत ते बघा. त्याच जपानी एक्सबॉक्स ३६० वर केव्ह कंपनीने आपले गोळ्यांच्या पावसाचे गेम आणले. पडदाभर गुलाबी ठिपक्यांची रांगोळी आणि त्यातून वाट काढणारं तुमचं इवलंसं विमान. आर्केडमधल्या, म्हणजे नाणी टाकून गेम खेळायच्या दुकानांतल्या, त्या कट्टर शौकिनांनी 'डेथस्माइल्स' आणि 'मुशिहिमेसामा फुतारी'साठी खास ते मशीन घेतलं. थोडे लोक, पण पक्के. छोटा गेम बनवणाऱ्याला असा कोपरा मोठ्या बाजारापेक्षा जास्त उपयोगी पडतो असं माझं ठाम मत आहे.

मालक कंपनीचं धोरणही लोक गोळा करतं किंवा पळवतं. १३ सप्टेंबर १९९३ ला अमेरिकेत 'मॉर्टल कॉम्बॅट' सुपर निन्टेंडो आणि सेगा जेनेसिस (म्हणजे तिथला मेगा ड्राइव्ह) या दोन्हींवर एकाच दिवशी आला. चित्र आणि आवाज सुपर निन्टेंडोवर सरस. पण निन्टेंडोला घरगुती प्रतिमा जपायची होती, म्हणून रक्ताच्या जागी राखाडी घाम आला. जेनेसिसवर ए, बी, ए, सी, ए, बी, बी अशी बटणं दाबली की रक्त सुरू व्हायचं. जेनेसिसची आवृत्ती जास्त खपली. पुढच्या वर्षी दुसरा भाग आला तेव्हा निन्टेंडोने रक्त राहू दिलं. तोवर किशोरवयीन पोरांच्या मनात कुठलं मशीन 'मोठ्यांचं' ते ठरून गेलं होतं, आणि सेगाकडे तेव्हा अमेरिकन फुटबॉलचे 'मॅडन'सारखे खेळही जोरात चालत होते.

आपल्याकडचं उदाहरण क्रिकेटचं. ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७' २००६ च्या शेवटी आला तो फक्त प्लेस्टेशन २ आणि कॉम्प्युटरसाठी. एक्सबॉक्स ३६० येऊन तेव्हा वर्ष झालं होतं, तरी त्यासाठी नाही. क्रिकेटवेडे जिथे बसले होते तिथेच गेम गेला. भारतासाठी खास बनलेले 'हनुमान: बॉय वॉरियर' आणि 'देसी अड्डा' २००९ साली आले तेही प्लेस्टेशन २ वर, पुढचं मशीन दोन-तीन वर्षं जुनं झालेलं असताना. कारण आपल्या घरांमध्ये तेच होतं. 'क्रिकेट ०७'च्या डिस्क माझ्याकडे परत यायच्या त्या ओरखडे पडून निकामी झाल्यावर, आणि त्याच पोरांना दुसरी प्रत हवी असायची. त्याच काळात 'स्मॅकडाउन: हिअर कम्स द पेन' या कुस्तीच्या गेमचं तसंच. २००३ चा हा गेम फक्त प्लेस्टेशन २ वर आला आणि २०१२ सालीही माझ्याकडे त्याची मागणी होती.

याच रांगेत शेवटचं, कारण ते मला फार आवडतं. निन्टेंडोचा वी २००६ सालचा. हातात काठीसारखा रिमोट, बटणं जवळजवळ लागतच नाहीत. तो आजी-आजोबांपासून सगळ्यांच्या घरात गेला, दहा कोटींहून जास्त. २००९ साली त्यावर 'जस्ट डान्स' आला: एका हातात रिमोट धरायचा आणि नाचायचं. वीनंतरचं मशीन वी यू २०१२ साली आलं आणि विझलंही. तरी 'जस्ट डान्स' दर वर्षी वीसाठी येत राहिला, अगदी २०१९ च्या नोव्हेंबरात निघालेल्या 'जस्ट डान्स २०२०' पर्यंत. आणि हा २०२० वाला वी यूसाठी आला नाही! तेरा वर्षं जुन्या मशीनसाठी नवा गेम काढला गेला, कारण नाचणारी कुटुंबं तेव्हाही तिथेच होती. माझी एक गिऱ्हाईक बाई न्यू जर्सीहून नणंदेने पाठवलेला वी घेऊन आली होती, गेम कुठे मिळतील विचारायला. आमच्याकडे निन्टेंडोचं सामान नियमित यायचं नाही. तिला मी सांगितलं, जी माणसं तिकडून येतील त्यांच्याकडून नाचाचे आणि खेळांचे गेम मागवा, बंदुकीचे मागवू नका. तिने तसंच केलं.

आकडे वाचायचे कसे

कुठला गेम किती लाख गेला, एवढाच आकडा बघून निष्कर्ष काढू नका. मशीन किती गेली त्याने भागा. 'मारिओ कार्ट ८' हा गाडी पळवण्याचा गेम वी यूवर सुमारे ८४ लाख गेला. स्विचवर त्याचीच वाढीव आवृत्ती ६ कोटींच्या वर गेली. पहिल्या नजरेला स्विचवर लोक या प्रकारावर जास्त फिदा आहेत असं वाटेल. पण वी यू एकूण गेले १ कोटी ३५ लाखांच्या आसपास, म्हणजे दर दहा घरांत सहा ठिकाणी हा गेम होता. स्विच १५ कोटींहून जास्त गेले, म्हणजे दहातल्या चार-साडेचार घरांत. वी यू घेतला होता तो मारिओसाठीच घेणाऱ्या मंडळींनी. स्विच नाना तऱ्हेच्या लोकांनी घेतला. गेम बनवणाऱ्यांनी हा भागाकार आपल्या प्रकारातल्या चार-पाच गेमसाठी करून बघावा. भागाकार मोठा आणि मशीन थोडी, तर तिथे तुमचे लोक आहेत पण थोडे आहेत. भागाकार लहान आणि मशीन प्रचंड, तर तिथे लोक भरपूर आहेत, पण तुमचा गेम त्यांच्या नजरेला पडेल यासाठी जाहिरातीचा खर्च धरा.

दुसरं, तारखा बघा. 'जीटीए: सॅन आंद्रेआस' २००४ च्या ऑक्टोबरात प्लेस्टेशन २ वर आला आणि एक्सबॉक्सवर व कॉम्प्युटरवर २००५ च्या जूनमध्ये. आठ महिन्यांत ज्याला खेळायचा होता त्याने प्लेस्टेशन २ वर खेळून घेतला. अशा वेळी 'हा प्रकार प्लेस्टेशनवर जास्त चालतो' म्हणणं चूक. तो तिथे आधी आला, एवढंच. कराराने एखादा गेम एकाच मशीनवर अडवलेला असेल तर त्याचा आकडा त्या प्रकाराच्या नावावर लिहू नका. शिवाय या भिंती आता पातळ होत चालल्या आहेत. 'फोर्झा होरायझन ५' हा एक्सबॉक्सच्या घरचा रेसिंगचा गेम २०२५ च्या एप्रिलमध्ये प्लेस्टेशन ५ वरही आला. महिन्याचे पैसे भरून हवे तेवढे गेम खेळायच्या योजनांमुळेही विक्रीचा आकडा पूर्वीइतकं सांगत नाही, तेव्हा अशा मशीनवर किती जण खेळले ते शोधा.

छोट्या गेमसाठी मुलं हल्ली मला सारखं स्विचबद्दल विचारतात. शेतीचा 'स्टारड्यू व्हॅली' आधी कॉम्प्युटरवर नावारूपाला आला, मग २०१७ च्या ऑक्टोबरात स्विचवर आला आणि त्या वर्षी स्विचवर सगळ्यात जास्त डाउनलोड झालेला गेम ठरला. त्यात एक दिवस म्हणजे खऱ्या घड्याळाची साधारण पंधरा मिनिटं. झोपण्याआधी पलंगावर एक दिवस शेती करावी आणि मशीन झाकून ठेवावं. तुमच्या गेमचा तुकडा एवढाच असेल, मधेच थांबवता येत असेल, अक्षरं लहान पडद्यावर वाचता येत असतील, तर स्विचवर आधी जा. गेमला सलग दोन तासांची बैठक, मोठा पडदा आणि काळोखी खोली लागत असेल तर प्लेस्टेशन आधी. दोन्ही घोड्यांवर एकदम बसायचं असेल तर चाचणी करणारी माणसं दुप्पट लागतील, तो खर्च आधी मांडा.

आणि हे सगळं करून झाल्यावर एक शेवटचं काम उरतं. तुमच्या ओळखीतल्या ज्या तीन घरांत ते मशीन आहे तिथे संध्याकाळी जाऊन बसा. मशीनशेजारी कुठल्या डिस्क वर आहेत आणि कुठल्यांवर धूळ आहे ते बघा. कुणी कुठे बसून खेळतं, रिमोट किती चार्ज होत आहेत, मध्येच आई जेवायला बोलावते तेव्हा पोर गेम थांबवू शकतं की "एक मिनिट" म्हणून ओरडतं, तेही बघा. माझ्या वहीतल्या पंधरा वर्षांपैकी निम्मं तरी तुम्हाला त्या तीन संध्याकाळींत दिसेल.